चाकणचं गोदाम भरलंय: शेजारचं शेड घ्यावं की सॉफ्टवेअर?

एका कारखानदाराने पाठवलेला प्रश्न थोडक्यात असा. भोसरीत छोटा कारखाना आहे. चाकण-तळेगाव रस्त्याच्या बाजूला २०,००० चौरस फुटांचं भाड्याचं शेड आहे, आत दीडेक हजार प्रकारचे सुटे भाग. तक्रारी तीन: जागा पुरत नाही, टॅलीतला (हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधला) स्टॉक आणि प्रत्यक्षातला स्टॉक जुळत नाही, आणि गेटवर गाड्या तासन्‌तास उभ्या राहतात. शेजारचं शेड रिकामं होतंय, ते घ्यावं का? की एखादं चांगलं डब्ल्यूएमएस, म्हणजे गोदाम चालवायचं सॉफ्टवेअर, बसवावं?

आयुष्यातली बरीच वर्षं मी भोसरी, चाकण, रांजणगाव आणि वाघोलीकडच्या गोदामांत घालवली आहेत. माझं उत्तर असं, की सध्या दोन्ही नको. आधी माल उतरतो ती जागा दुरुस्त करा.

तुम्हाला या तक्रारी तीन वाटतात, पण त्यांचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं. गाडी लागते. उतरवायला जागा नसते म्हणून माल येण्याजाण्याच्या वाटेतच ठेवला जातो. जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, 'नंतर करू' म्हणून राहतो. वाट अडल्यामुळे मागच्या पॅलेटपर्यंत (माल रचायच्या लाकडी पाटापर्यंत) कुणी पोहोचत नाही, मग पिकर, म्हणजे माल काढून देणारा माणूस, हाताला लागेल त्या पॅलेटमधून माल काढतो आणि जुना माल आत तसाच पडून राहतो. संध्याकाळी ग्राहकाचा फोन येतो तेव्हा जीआरएन न झालेल्याच मालातून चार खोकी गाडीत चढतात. सिस्टीममध्ये तो माल आलाच नव्हता, पण गेला मात्र खरा. तोवर पुढची गाडी गेटवर येऊन उभी असते. अशा अवस्थेत दुसरं शेड घेतलं तर हाच गोंधळ दोन छपरांखाली चालेल, भाडं दुप्पट होईल, आणि 'तो पार्ट इकडे की तिकडे' हा चौथा प्रश्न येईल.

उतरवायला जागा किती हवी? ३२ फुटी कंटेनर गाडीच्या तळावर १२०० बाय १००० मिलिमीटरचे साधारण १८ पॅलेट बसतात. ते खाली मांडायला अडीचशे चौरस फूट, आणि माणूस व हँड पॅलेट ट्रक फिरायला तेवढेच आणखी. म्हणजे एका गाडीमागे ५०० चौरस फूट. एका वेळी दोन गाड्या उतरत असतील आणि एक भरत असेल तर दीड हजार चौरस फूट झाले. २०,००० मधले दीड हजार कायमचे रिकामे ठेवायचे म्हटल्यावर मालकाचा जीव खालीवर होतो, हे मी पुष्कळ ठिकाणी पाहिलंय. पण ही जागा नसेल तर उरलेल्या साडेअठरा हजारांतली बरीचशी वाया जाते. पिवळ्या रंगाने पट्टे मारा. आवक एका बाजूला, जावक दुसऱ्या बाजूला. दार एकच असेल तर निदान वेळा वेगळ्या ठेवा: सकाळी आवक, दुपारनंतर जावक. नाकारलेल्या किंवा तपासणीला थांबलेल्या मालासाठी लाल पट्ट्याचा वेगळा चौकोन करा आणि त्याला जाळी व कुलूप लावा. नियम एकच ठेवा: दिवस संपताना आवकेची जागा रिकामी दिसली पाहिजे. रोज संध्याकाळी तिचा मोबाइलवर फोटो काढून मागवा. महिनाभर न चुकता फोटो पाहिलात तरी निम्म्या गोष्टी मार्गी लागतील.

आता गाड्यांचं. तळेगाव चौक आणि आंबेठाण चौकातल्या कोंडीला सगळे शिव्या घालतात आणि त्यात खोटं काही नाही. पण कोंडी होते म्हणून गाडी उशिरा येते. ती तुमच्या गेटवर चार तास का थांबते, याचं उत्तर कोंडीत नाही. गर्दीच्या वेळी जड वाहनांना अडवतात. ती वेळ संपली की थांबलेल्या सगळ्या गाड्या एकदम सुटतात आणि एकाच तासात सगळ्या वसाहतीत पोहोचतात. तुमच्याकडे त्या थव्यानेच येणार हे गृहीत धरून आखणी करा. सॉफ्टवेअर लागत नाही. ट्रान्सपोर्टरांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आणि गेटवर एक वही पुरते. वहीत चार वेळा लिहायच्या: गाडी आली, डॉकला (माल उतरवायच्या दाराला) लागली, रिकामी झाली, कागद घेऊन बाहेर पडली. दोन आठवड्यांची वही समोर ठेवली की वेळ नेमका कुठे जातो ते दिसतं. माझ्या अनुभवात उतरवण्यापेक्षा कागदांत जास्त जातो: पीओ (खरेदी ऑर्डर) नंबर चुकीचा, इनव्हॉइसवर नग आणि खोक्यावर सेट, क्वालिटीचा माणूस जेवायला गेलेला. रोज ठरलेल्या वेळी येणाऱ्या लहान गाड्यांना मोठ्या कंटेनरमागे रांगेत उभं करू नका. त्यांच्यासाठी एक बाजू मोकळी ठेवा.

यात कायद्याचाही एक पदर आहे. ई-वे बिलाची, म्हणजे माल वाहून नेताना लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन परवान्याची, मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस असते. न्हावा शेवाहून चाकणला येणाऱ्या मालाचं बिल काढलं की दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्री ते संपतं. मंगळवारी निघालेली गाडी घाटात अडकून बुधवारी रात्री पोहोचली, आणि गुरुवारी आपल्या भागातली साप्ताहिक सुट्टी. गाडी रस्त्यावर उभी आणि बिल संपलेलं. मुदत संपण्याआधीच्या किंवा नंतरच्या आठ तासांत ती वाढवून घेता येते, पण त्यासाठी कुणाच्या तरी ते लक्षात यायला हवं. गुरुवारी दोन माणसं आळीपाळीने ठेवा, त्यांना आठवड्यातला दुसरा दिवस सुट्टी द्या. हॉल्टिंगच्या (गाडी थांबवून ठेवल्याच्या) पैशांपेक्षा ते स्वस्त पडतं.

हमालीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण चाकणमध्ये हा विषय टाळून गोदाम चालत नाही. वाराई, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याचे पैसे, कुणी द्यायची, ड्रायव्हरने, ट्रान्सपोर्टरने की तुम्ही, हे दर ठरवतानाच कागदावर लिहा. गेटवरची निम्मी भांडणं तिथेच मिटतात. माथाडी म्हणजे ओझी वाहणारे हमाल; त्यांच्यासाठीचा माथाडी कायदा १९६९ चा आहे. त्याखालच्या मंडळात नोंदलेली टोळी आणि तिचा मुकादम ही एक गोष्ट. माथाडीचं नाव सांगून गेटवर पैसे मागणारे ही अगदी दुसरी. पहिल्यांशी नीट करार करा, लेव्ही (मजुरीवर मंडळाकडे भरायची जादा रक्कम) वेळेवर भरा. दुसऱ्यांची तक्रार थेट पोलिसांत करा. हे दोघे एकच आहेत असं समजून कामगारांवर राग काढणारे मालक मला पटत नाहीत. चांगल्या टोळीला कोणतं खोकं आडवं ठेवायचं नाही हे तुमच्या सुपरवायझरपेक्षा जास्त कळतं.

जागेकडे वळू. भाडं तुम्ही चौरस फुटावर भरता, पण माल घनफुटात राहतो. तुमच्या शेडची आतली मोकळी उंची आठ मीटर आहे असं तुम्ही लिहिलंय, आणि माल जमिनीवर दोन थरांच्या थप्पीत आहे, म्हणजे फार तर अडीच मीटर. वरच्या साडेपाच मीटर हवेचं भाडं भरणं चालूच आहे. ढोबळ हिशेब करू. २०,००० चौरस फूट म्हणजे सुमारे १,८५० चौरस मीटर. वाटा, आवक-जावक, ऑफिस वजा जाता ४० टक्के जमीन मालाखाली आली तर तळावर ६०० च्या आसपास पॅलेट बसतात. दोन थर म्हणजे १,२००, तेही कागदावर. प्रत्यक्षात ते कधीच भरत नाहीत, कारण एका पार्टची सहा पॅलेट खोल रांग अर्धी उचलली की उरलेली मोकळी जागा दुसऱ्या पार्टला देता येत नाही. दिली तर मागचा माल कोंडतो. दीड हजार प्रकार असलेल्या गोदामात जमिनीवरच्या थप्प्यांचं गणित बसतच नाही. त्याच जागेत साधे सिलेक्टिव्ह रॅक (प्रत्येक पॅलेटला स्वतंत्र खण असलेले) लावून जमीन धरून चार पातळ्या केल्या तर खांब आणि फटी वजा करूनही २,००० च्या आसपास पॅलेट बसतील, आणि प्रत्येक पॅलेटपर्यंत हात पोहोचेल.

पण रॅकचं कोटेशन घेण्याआधी दोन गोष्टी पाहा. पहिली, वाटेची रुंदी. तुमच्याकडे नेहमीचा काउंटरबॅलन्स (मागे वजन असलेला) फोर्कलिफ्ट आहे. त्याला वळायला साडेतीन ते चार मीटर लागतात. रीच ट्रक, म्हणजे काटे पुढे सरकवणारा अरुंद वाटेचा फोर्कलिफ्ट, पावणेतीन ते तीन मीटरमध्ये वळतो. हा फरक प्रत्येक वाटेला मिळतो, त्यामुळे आठ-दहा वाटांच्या शेडमध्ये आख्खी एक-दोन रॅकची रांग वाढते. दुसरी गोष्ट, जमीन. एका पातळीवर टनाचे दोन पॅलेट आणि तीन पातळ्या बीमवर असतील तर आतल्या फ्रेमच्या एकेका पायावर ३ टन येतात, तेही तळहाताहून थोड्या मोठ्या पत्र्यावर. आपल्याकडच्या जुन्या शेड्सची जमीन ट्रायमिक्सची (व्हॅक्यूमने पाणी काढलेल्या काँक्रीटची), खाली भराव कसा केलाय ते कुणालाच माहीत नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय बोल्ट ठोकू नका. रॅक घेतलेत की प्रत्येक रांगेला वजनाची पाटी लावा, कोपऱ्यांवर गार्ड बसवा. फोर्कलिफ्ट लागून वाकलेला खांब ठोकून सरळ करायचा नसतो. त्या रांगेतला माल उतरवून खांब बदलायचा असतो. या बाबतीत मी ऐकून घेत नाही.

कुठला पार्ट कुठे ठेवायचा, हे हिशेबनिसाला विचारू नका. त्याची एबीसी, म्हणजे महत्त्वाप्रमाणे केलेली वर्गवारी, रुपयांवर असते: महाग ते ए. गोदामाची एबीसी उचलीवर, म्हणजे पार्ट किती वेळा काढावा लागतो त्यावर, हवी. टॅलीतून तीन महिन्यांची डिस्पॅच काढा आणि प्रत्येक पार्ट किती बिलांवर आला ते मोजा. नग किती किंवा किंमत किती ते सोडून द्या. एखादा दोन रुपयांचा वॉशर रोज वीस बिलांवर असेल, आणि लाखाचं असेंब्ली महिन्यात एकदा जात असेल. वॉशर दाराजवळ, कमरेच्या उंचीवर. असेंब्ली मागे, वरच्या पातळीवर. बहुतेक गोदामांत थोडेच पार्ट बहुतेक उचली खातात आणि तेच कुठेतरी शेवटच्या भिंतीला असतात, कारण पहिल्या दिवशी तिथे जागा होती. गंमत म्हणजे याच यादीच्या तळाशी तीन महिन्यांत एकदाही न हललेले पार्ट निघतात. बंद झालेल्या मॉडेलचे, ग्राहकाने परत केलेले, 'लागतील कधीतरी' म्हणून ठेवलेले. त्यांचा निकाल लावा: परत पाठवा, भंगारात काढा किंवा भोसरीला न्या. एवढ्याने किती जागा सुटते ते पाहिल्याशिवाय शेजारच्या शेडच्या मालकाला फोन करू नका.

स्टॉक न जुळण्याबद्दल. तुम्ही लिहिलंय की ३१ मार्चच्या मोजणीत किमतीने ९९ टक्के जुळतं, तरी रोज काहीतरी कमी पडतं. यात विसंगती नाही. एका ब्रॅकेटचे ४० नग कमी आणि त्याच्याच डाव्या बाजूच्या भावाचे ४० जास्त असले तर रुपयांत बेरीज बरोबर येते, पण ग्राहकाची लाइन उजव्या ब्रॅकेटसाठी थांबते आणि डेबिट नोट (नुकसानीची वसुली) तुम्हाला येते. मोजमाप बदला. १०० जागा मोजल्या तर किती जागांवर पार्ट आणि नग दोन्ही बरोबर निघाले, तोच आकडा धरा. पहिल्यांदा तो पाहून वाईट वाटेल.

त्यासाठी आधी प्रत्येक जागेला पत्ता हवा. वाट, खण, पातळी: ए-०३-२. इंग्रजी ओ आणि आय ही अक्षरं पत्त्यात घेऊ नका. ती शून्य आणि एकशी गल्लत करतात. पाट्या मोठ्या, रंग वाटेप्रमाणे वेगळे. गोदामात लातूर-नांदेडची मुलं असतात, बिहार-उत्तर प्रदेशची असतात, भाषा कुठली का असेना आकडा आणि रंग सगळ्यांना वाचता येतो. मग वर्षाची एकच मोठी मोजणी करण्याऐवजी रोज सकाळी गाड्या यायच्या आधी २० जागा मोजा. दाराजवळच्या वेगवान पार्टांची पाळी वारंवार येऊ द्या, मागच्यांची क्वचित. आणि चूक सापडली की आकडा दुरुस्त करून मोकळे होऊ नका, कारण लिहा. महिन्याभरात कारणं पाच-सहाच आहेत असं दिसेल: नग आणि खोकं यांची गल्लत, डावं-उजवं, चलनाशिवाय दिलेला तातडीचा माल, परत आलेला माल न चढवणं. शेवटच्या दोन्हींना कडक नियम लागतो, आणि तो आधी मालकाने पाळावा लागतो. 'अरे, दे रे चार नग, चलन उद्या' हा फोन बहुतेक केबिनमधूनच येतो.

पावसाळ्याचं वेगळं सांगायला हवं, कारण तुमचा माल लोखंडाचा आहे. दमट हवेत कोरुगेटेड खोक्याची ताकद निम्म्यावर येते. मे महिन्यात पाच थर सहज पेलणारी थप्पी जुलैत खालून बसते आणि सरकते. जूनपासून थर कमी करा. थप्पी भिंतीपासून दोन फूट लांब, आणि थेट जमिनीवर काहीही नको; पॅलेट नसतील तर लाकडी फळ्या. छपरावरच्या पारदर्शक पत्र्यांचे जोड आणि पन्हाळी पावसाआधी माणूस चढवून साफ करून घ्या, गळतीची सुरुवात बहुतेक तिथेच होते. मशिनिंग झालेल्या पार्टांना व्हीसीआय (गंज रोखणाऱ्या) पिशव्या घालता, ठीक; पण घामेजल्या हाताने पार्ट पिशवीत टाकला तर बोटांचे ठसे गंजून उमटतात. हातमोजे स्वस्त आहेत. आणि ओला कंटेनर डॉकला लागला की माल लगेच प्लास्टिकने गुंडाळू नका; आतलं पाणी आतच राहतं.

आगीबद्दल थोडं, पण गांभीर्याने. २०१९ च्या मे महिन्यात पुण्याजवळ उरुळी देवाचीला साडीच्या दुकानाला आग लागली तेव्हा आत झोपलेले पाच कामगार मेले. दार बाहेरून बंद होतं. आजही चोरीच्या भीतीने रात्री बाहेरून कुलूप लावणारे आणि आत माणसं झोपवणारे गोदाममालक आहेत. तुमच्याकडे कुणी झोपत असेल तर आजपासून बंद करा. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा तपासून नमुना 'ब' वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, द्यावा लागतो. तो फक्त कागद म्हणून घेऊ नका. हायड्रंटला (आग विझवायच्या नळाला) खरंच पाणी येतं का ते समोर उभं राहून पाहा. रॅक लावाल तेव्हा स्प्रिंकलरच्या खाली ४५ सेंटिमीटर मोकळे ठेवा. फोर्कलिफ्टची बॅटरी चार्जिंग हवेशीर कोपऱ्यात, खोक्यांपासून दूर. चार्ज होताना लेड-अॅसिड बॅटरीतून हायड्रोजन निघतो.

सॉफ्टवेअरचं उत्तर आता सोपं होतं. पत्ते लागले, जीआरएन झाल्याशिवाय माल आत जात नाही, रोजची मोजणी सुरू आहे, आणि तरीही दिवसाच्या उचली माणसाच्या आठवणीवर चालवणं जड जातंय, अशी वेळ आली की डब्ल्यूएमएस घ्या. त्याआधी घेतलंत तर स्कॅनर ड्रॉवरमध्ये जातील. पहिल्या टप्प्यात बारकोडचं लेबल आणि दोन हँडहेल्ड (हातात धरायचे) स्कॅनर पुरेत. त्याआधी मात्र पार्ट मास्टर, म्हणजे सगळ्या पार्टांची मूळ यादी, साफ करा: प्रत्येक खोक्याची लांबी-रुंदी-उंची, वजन, खोक्यात किती नग. हे काम कंटाळवाणं आहे, विक्रेता ते करून देत नाही, आणि त्याशिवाय कुठलंच सॉफ्टवेअर चालत नाही. स्वयंचलित क्रेन वगैरे कुणी दाखवलं तर चहा पाजून पाठवून द्या. तुमच्या आकाराला ते नाही.

शेजारचं शेड खरंच कधी लागेल? हे सगळं करून रॅक ८५ टक्क्यांच्या वर सतत भरलेले राहू लागले तर. त्या टप्प्यानंतर नवा माल ठेवायला आधी जुना सरकवावा लागतो आणि काम मंदावतं. सणाआधीचे दोन महिने तेवढे भरत असतील तर तेवढ्यापुरती दुसऱ्याच्या गोदामात पॅलेटच्या दराने जागा घ्या, वर्षाचा करार नको.

शेड घ्यायचंच ठरलं तर आधी कागद: बिगरशेतीचा आदेश, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र. यातलं काही नसेल तर आग लागल्यावर विमा कंपनी काय म्हणेल याचा विचार करा. जीएसटीत ते अतिरिक्त व्यवसायस्थळ म्हणून आधी नोंदवावं लागेल, नाहीतर तिथे जाणाऱ्या पहिल्याच गाडीच्या कागदांत अडचण येईल. करारात लॉक-इन (ज्या मुदतीत करार सोडता येत नाही ती) तुमच्यावर किती आणि मालकावर किती, ते वाचा. आणि ब्रोकर 'चाळीस फुटी सहज वळतो साहेब' म्हणाला तरी सही करण्याआधी एक दिवस ट्रेलर भाड्याने घेऊन पावसात तिथे नेऊन वळवून पाहा.